न कापलेली रेघ

४ ऑगस्ट, खामगाव
प्रॅक्टिकलला डीएनए कापला. मॅडमनी विचारलं, एन्झाइम जागा कशी निवडतं? मी म्हटलं, शोधून. "निवडत नाही गं. धाग्यावर घसरत जातं, सुटतं, पुन्हा कुठेतरी चिकटतं. ठरलेली अक्षरं आली की आवळतं, कापतं. एक अक्षर चुकलं की न कापता पुढे."
पुढचं लिहून घ्यायचं राहिलं. उत्तर चुकलं म्हणून नाही. काल ताईचा फोन होता: सिकलसेलच्या तपासणीत ती आणि भाऊजी दोघंही वाहक निघाले. बाळाला आजार असू शकतो. चौथा महिना लागलाय, हेही मला कालच कळलं. तिच्या सासरी तीन महिने भरेपर्यंत सांगत नाहीत, नजर लागते म्हणून. डॉक्टरलाही नाही. बाळाची लवकर होणारी तपासणी त्यात हुकली.

९ ऑग., मोताळा, ताईकडे
शाळेआधी अक्षरं मला ताईनेच शिकवली, पोळपाटावर पीठ पसरून. आज तिच्याच पोळपाटावर मी काढलं: सी टी जी ए जी. इथे एन्झाइम कापतं. आजारात ए च्या जागी टी येतो. मग कापत नाही, तुकडा अखंड राहतो. ताईसारख्या वाहकात दोन प्रती: एक कापली जाते, एक नाही.
"अन् मधला जी बदलला तं?"
"मधल्याचं त्याला काही नाही. कोणतंही चालतं."
"म्हंजे आमचं नेमकं जे बदललेलं चालत नाही थेच बदललं."
तेवढ्यात तिची सासू: "पोरगा का पोरगी थे बी कयते का वं त्यात?"
"मावशी, विचारूसुद्धा नका. जेल होईल."
"होऊ दे. तिथं आयतं जेवन भेटते."
ताई हसली. बऱ्याच दिवसांनी.

१७ ऑग.
नागपूरला तपासणीसाठी सुईने ताईच्या पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी काढलं. ताई सुईकडे बघत राहिली, मीच तोंड फिरवलं. परतताना भाऊजी: "मॅडम, तुमीच करून टाका ना तपासनी कालेजात." गंमत होती. पण गेल्या आठवड्यात माझ्याकडून बफर, म्हणजे एन्झाइमचं द्रावण, चुकलं तर एन्झाइमने भलत्याच जागी कापलं. तो सरावाचा डीएनए होता. हा तर…

३० ऑग.
लॅबच्या बाईंचा फोन मलाच आला. नंबर माझा दिला होता. तपासणीत डीएनएच्या तुकड्यांच्या रेघा उमटतात. न कापलेली रेघ ठळक, कापलेल्या फिकट. अर्थ दोन. एक, कापणं अर्धवट राहिलं. बाळ ताईसारखं, नुसतं वाहक. दुसरा, फिकट रेघा ताईच्याच रक्ताच्या, सुईबरोबर आलेल्या. म्हणजे बाळाचा डीएनए कुठेच कापला गेला नाही. म्हणजे आजार.
पुन्हा पाणी काढावं लागेल. ठेवायचं की नाही हे ठरवायला आता फार दिवस उरले नाहीत.
ताईला दोन्ही सांगितलं. एकच सांगायला हवं होतं का? कोणतं?
"तुले काय वाटते, वैशे?"
"माझ्या वाटण्याने काही होत नाही ताई."
"मले मालूम हाय. तरी सांग ना."
मी नागपूरची पुढची तारीख सांगितली.

१ सप्टें.
उद्या पुन्हा नागपूर. पहाटे निघायचं. मी मोताळ्यालाच राहिले आहे.
संध्याकाळी ताई मेथी निवडत होती. हात थांबले. मी विचारलं, दुखतंय का?
"नाही." मग, भाजीकडेच बघत, "हल्लं वं आत्ता. पयल्यांदाच."
सासूबाई आत होत्या. ताई हळूच म्हणाली, "त्यायले नको सांगू. उद्याचं होऊ दे."
मी हो म्हटलं. मग तिच्यापुढची अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले.