वेबसाईटवरचे बारा आनंदी ग्राहक

३ ऑक्टो., शुक्र.
अन वरून मलेच म्हणते, काकू तुमी घाई लय करता. घाई. दोन महिने झाले याले काम देऊन. सागर नाव, अकोल्यात वेबसाईटा बनवते. सकाळपासून सहा वेळा फोन लावला, सातव्यांदा उचलला तं म्हणे, "लोड होऊन राहिलं." काय लोड होऊन राहिलं बापा, कापसाची गाडी हाये का?

जुनी वेबसाईट यायनं, वर्षाच्या बाबायनं, स्वतः बनवल्ती, हात चालत होता तेव्हा. तिच्यावर घोड्यावरचा एक नवरदेव अन बंद पडलेला नंबर. कोण येईन? वर्षा अमरावतीहून रोज टोचते, "आई, आजकाल लोक फोनवर पाहूनच स्टुडिओ ठरवतात." पोरीचं बरोबर हाये. मागच्या सराईत दोन लग्नं आली, तेही ओळखीतली. लकव्यापासून यायचा उजवा हात नाई, बोलणं नाई. पासपोर्ट फोटो मी काढतो. लग्नाले कॅमेरेवाला बोलावून घेऊ, पण लग्न आलं पाह्यजे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू. यंदाही रिकामं गेलं तं मूर्तिजापुरातलं हे दुकान बंद. जागेच्या मालकाले तसा शब्द देऊन बसली.

५ ऑक्टो., रवि.
उघडली. वर्षानं पाठवली. वरून फुलं पडतात. नवरी हाये, घोडा हाये, आमचा चालू नंबर हाये. खाली मोठ्या अक्षरात "आमचे आनंदी ग्राहक" अन बारा चेहरे एकामागं एक फिरतात. सगळे निळ्या पडद्यावर. चष्मा सापडत नव्हता, तरी यायचा चेहरा ओळखला. कोटात. आमच्या घरात कोट नाई, कुठं घातला देव जाणे. पण शोभते.

यायच्यासमोर फोन धरला. लय वेळ पाह्यलं. मंग डाव्या हातानं फोन पालथा घातला. उजेड खुपला असन.

८ ऑक्टो., बुध.
बाळापूरची पार्टी आली. पोरीचे आईबाप. वेबसाईट पाहूनच फोन केल्ता त्यायनं. चहा टाकला, तारीख लिहाले बुक काढलं. बाई फोन चाळत होती.
"अहो, हे पाहा. ही तं मावशी."
"कोणती?"
"शांतामावशी. मागच्या साली उन्हाळ्यात गेली ते."
मंग मले म्हणे, "तेरवीचा फोटो तुमच्याकडूनच तं बनवल्ता आमी. आनंदी काहून लिहिलं खाली?"

चष्मा शोधून लावला. एकेक पाह्यला. तिसरे हेडमास्तर, त्यायचे मिटलेले डोळे यायनं उघडले होते. पाचवी म्हातारी, आधार कार्डावरून केलेली, डोक्यावरचा पदर यायनंच चढवला. यायले सोडून सगळे मेलेले. सगळे तेरवीले बनवलेले, हार घालासाठी.

माणूस उठला. "राग नका मानू ताई. पण लग्नाच्या कामात असं नाई चालत." चहा तसाच राहिला. फोनमध्ये वरून फुलं पडूनच राहिली होती.

९ ऑक्टो., गुरु.
पॅसेंजरनं अकोल्याले गेली. सागर एका मोबाईलच्या दुकानावर माडीवर बसते. जिना चढता चढताच सुरू झाली मी, मेलेल्या माणसायचा तमाशा करतं का रे म्हणून. त्यानं ऐकून घेतलं. मंग कम्प्युटर माह्याकडं फिरवला.
"काकू, पेनड्राइव्ह तुमीच देल्ला. फोल्डरवर काय लिहिलं, वाचा."
'चांगले', असं लिहिलेलं.
"मी म्हटलं, तुमचं चांगलं काम असन."
"बरं. मंग काढ आत्ता."
"ते पार्टनरच्या हातात हाये. तो गावाले गेला, पासवर्ड त्याच्यापाशी. आला की होऊन जाईन."
होऊन जाईन.

येताना गाडीत उभी. पेनड्राइव्ह मीच देल्ला. उघडून पाह्यला नाई. चांगले लिहिलं दिसलं, देऊन टाकला. सातवी शिकलेली बाई, त्यात घाई.

फोल्डरले ते नाव यायनंच देल्लेलं. काहून ते मले माहीत हाये. म्हणत, नवरी सजूनच येते, बटन कोणीही दाबते. पण म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटोच नसते. लोक लग्नाचा ग्रुप फोटो आणतात, मागच्या रांगेत हरभऱ्याएवढं डोकं. त्यातून कम्प्युटरवर माणूस उभा कराचा. मागं निळा पडदा, अंगावर कोट. कोट एकच, सगळ्या बाप्यायले तोच. दोन दोन दिवस त्यातच जात. जेवाले बोलावलं तं चिडत.

१२ ऑक्टो., रवि.
गावभर झालं. समोरचा पानवाला म्हणे, "वहिनी, माहा फोटो इतक्यात नका टाकू." म्हटलं, तोंड असंच चालवलं तं लावतो लवकरच नंबर.
अकोटचे एक जण लग्नासाठी येणार होते. फोन उचलत नाईत. हेही गेलं.

दुपारी कमलाबाई आली खेड्यावरून. बारातला एक तिचा पोरगा, दोन सालाआधी गेला. तिनं तोंड उघडाच्या आधी मी हात जोडले, "काढतो बाई. दोन दिवसात काढतो."
"काढू नका सांगाले आली."
"काहून?"
"घरचा फोटो सुनेनं नेला माहेरी. शेजारीण मले तिच्या फोनमध्ये दाखवते. तिथं तो फिरून फिरून येते."
मशीनवर नवा फोटो छापून देल्ला. पदरात गुंडाळला तिनं. उन्हातच गेली.

१४ ऑक्टो., मंगळ.
सागरचा मेसेज, वर्षानं फोनवर वाचून दाखवला. पार्टनर आला. शुक्रवारी दुपारी बाराले कामाले बसतात. कोणते काढाचे त्यायची नावं पाठवा. शनिवारपासून दिवाळीची सुट्टी, नाई पाठवलीत तं थेट नोव्हेंबरात.

नावं लिहाले बसली. अकरा झाली. कमलाबाईच्या पोराचंही लिहिलं, तिच्यापाशी फोटो हाये आता. बारावे हे. हे राहू द्या, हे जिते हायत, असं लिहिणार होती.

मंग कोट पाह्यला.

तोच. पडदा तोच. मूळ फोटोही ओळखला. वर्षाच्या लग्नात पंगतीत वाढताना काढला होता, बाजूले मी होती. माहा खांदा कापला.

फोटो बनवल्याची तारीख वर्षानं कम्प्युटरमध्ये कशी पाह्याची ते सांगतलं. लकव्याचा पहिला बारका झटका आल्ता, त्याच आठवड्यातली. दुसऱ्या झटक्यानं हात गेला. म्हणजे हात चालत होता तेवढ्यात स्वतःच्या तेरवीचं काम करून ठेवलं. माह्यावर पडू नये म्हणून असन. सांगतलं नाई मले. 'चांगले' मध्ये ठेवून देल्ला.

अन मी तो यायच्याच तोंडासमोर धरला. शोभते म्हटलं.

१५ ऑक्टो., बुध.
दोन पासपोर्ट. दोन्हीत डोळे मिटलेले. परत काढले.

वर्षाची जुनी पाटी यायच्यासमोर ठेवली, खडू डाव्या हातापाशी. डाव्या हातानं "पाणी" लिहितात, "बस" लिहितात, एवढंही येईन. म्हटलं, अकरा मी लिहिले. बारावं मी लिहिणार नाई. मले न इचारता बनवला नं, आता काढाचा का ठेवाचा तुमीच सांगा. काढा म्हणसान तं दुकान चालवतो. लग्न नाई आलं तं तेरवीचेच फोटो बनवतो, शब्द देल्ला त्या मालकाचे पाय धरतो. तुमी बाजूले बसा अन कोट कसा चढवाचा ते दाखवा. ठेवा म्हणसान तं तुमी सोताले मेलेल्यातच धरलं असं समजतो, चावी मालकाले देऊन येतो, वाटच काहून पाह्याची मंग.

पाटीकडं पाह्यलं नाई. तोंड खिडकीकडं.

जेवणाचं ताट पाटीच्या बाजूले ठेवलं. पाटी मी उचलली नाई. उचलणारही नाई.

शुक्रवारी दुपारी बारा. त्याच्या आत लिहा.