राणीचा वंश आणि सौसरची सोयरीक

पांढुर्णा, ६ ऑगस्ट १९८६

वडीलधाऱ्या शकुंतलाताईस धाकट्या वामनचा वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? मोरेश्वरची नोकरी ठीक चालू असेल. आमचं इकडं सारं बरं आहे, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं.

ताई, माझी राणी मांजर तुले आठवते ना? नागपूरहून टोपलीत गाभणच आणलेली, कापसासारखी पांढरी. तिच्यासाठी गल्लीतले बोके येत, तर मी काठी घेऊन दारात बसत होतो. (इतका पहारा संत्र्याच्या बागेवर दिला असता तर माकडं उपाशी मेली असती.) आपल्या घरची जात बिघडू द्यायची नाही, असा माझा बाणा. मग तिच्याच पोटच्या बोक्याशी तिचं जमवलं, अन् पुढं त्यांच्या पिलांचं आपसात. तीन पिढ्या झाल्या बाप्पा, बाहेरचा एक केस आत येऊ दिला नाही. अन् वरून गावभर सांगत फिरलो, असली रक्त पाहायचं तर माझ्या घरी या.

त्या असली रक्ताचं काय झालं ते ऐक. आधी पिलं बहिरी निघाली. ताटली वाजवा, भांडं पाडा, ढिम्म! पुढच्या खेपेले एकाची शेपटी विळ्यासारखी, तर दुसऱ्याचा जबडा असा वाकडा की निम्मं दूध माझ्या धोतरावर. उंदीर त्यांच्याच ताटलीत जेवून राहिले. मी म्हटलं नजर लागली, अन् दाराले लिंबू-मिरची बांधली. या खेपेले चार झाली, त्यातली तीन दोन दिवसांत गेली. तुझी भावजय मालती पदरानं डोळे पुसत होती, अन् खरं सांगतो ताई, मीही रडलो.

चौथं घेऊन आपली पोरगी नलिनी अन् मी ढोरांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं वंशावळ विचारली, मी छाती फुगवून सांगतली. तो म्हणाला, "काका, घरातल्या घरात जोड्या लावल्या की आईकडची लपलेली खोट बापाकडूनही येते, मग ती वर निघते. हे सारं तुम्हीच केलं." मी म्हटलं, "जरा मोठ्यानं बोला, मले डाव्या कानानं ऐकू येत नाही." तो माझ्याकडे पाहतच राहिला. नलिनीही पाहत राहिली.

आता तुले काय सांगू? बापूजींनी मामाची पोरगी केली, मीही मामाचीच केली. डावा कान बापूजींचा जन्मापासून बंद, माझाही तसाच. अन् नलिनी सौसरले तुझ्या पोराले, मोरेश्वरले द्यायची, हे आपण जामसांवलीले मारुतीसमोर ठरवलं, नारळही मीच फोडला. माणूस म्हणजे मांजर नाही, असं चार दिवस स्वतःले समजावून पाहिलं. पाचव्या दिवशी ती तीन पिलं पुरलेल्या जागी जाऊन बसलो, अन् मले माझंच पटेना. पोरीच्या लेकरावर मले हा जुगार खेळायचा नाही. शब्द मोडतो, ताई. राग माझ्यावर काढ, पोरीवर नको. डाव्या बाजूनं ओरडलीस तर मले त्रासही होणार नाही.

तुझा शहाणा भाऊ,
वामन

ता.क. चौथं पिल्लू जगलं, मादी आहे. मोठी झाली की तिच्यासाठी बाहेरचा बोका पाहा, असं डॉक्टर म्हणते. तुझ्याकडचा पांढरा पाठवशील का?

आणखी ता.क. नलिनी सांगून राहिली की तो बोका मीच तुले दिला होता, राणीच्याच पोटचा. बोका राहू दे.

शेवटचं. मोरेश्वरले मात्र पाठव, राखीले. नलिनीनं राखी आणून ठेवली आहे. कधी आणली म्हणून विचारलं, तर म्हणते, "मागल्या वर्षीच."