टरफलं धुणाऱ्या मुलीबद्दल

माधवनगर,
मंगळवार

आदरणीय दाजी,

पायांवर डोकं ठेवतो. आक्का, जनावरं आणि डाळिंबं खुशाल असतील असं धरून चालतो. आम्ही इकडे बरे आहोत, पण सावध आहोत.

तुम्हाला माहीतच आहे, माझ्या भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या मशीनला लागून अजितकुमार शेटजींचा निकेलचा मुलामा द्यायचा कारखाना आहे. त्यांचं हिरवट पाणी ओढ्याला जातं, म्हणून ओढ्याकाठच्या आपल्या विहिरीचं पाणी आम्ही तोंडात घेत नाही. (भांडून झालं. तेव्हापासून शेटजी नमस्कारही घेत नव्हते.) तर महिन्यापूर्वी राजेश्वरी नावाची कॉलेजात संशोधन करणारी मुलगी आली आणि म्हणाली, "काका, शेंगा नकोत, टरफलं द्या." दाजी, शेंगा सोडून टरफलं मागणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असणारच! बरं, नेऊन जाळावीत, तर नाही. ती धुते, उन्हात वाळवते, कुटते आणि शेटजींच्या पिंपात भरते. वरून हिरवं पाणी सोडलं की खालच्या नळानं नितळ येतं. त्यात शेटजींनी मला चहा पाठवला. तेव्हा मला सगळं कळलं. उद्या विहीर आणखी नासली की म्हणणार, पाणी आमचं पण टरफलं नाथाजीची!

म्हणून पुरावा हवा होता. वापरलेल्या टरफलांची एक गोणी आपल्या घरी आली (कशी आली ते पुढे), आणि कुणी पळवू नये म्हणून मी तिच्यावरच डोकं टेकून दुपारी पडलो. डोळा लागला. तेवढ्यात आमच्या हिनं, विजयमालानं, गोणी हळूच ओढून अर्धी आंघोळीच्या पाण्याच्या बंबात सरपण म्हणून घातली. काडी ओढणार, तोच राजेश्वरी गोणी शोधत धावत आली.

"काकी, काडी लावू नका! टरफलांनी पाण्यातलं निकेल ओढून घेतलंय. जाळलं तर धुरातनं, राखेतनं घरभर होईल!"

"अगं बया! आवं, मग ह्येनी दुपारधरनं उशाला घेऊन निजल्यात ते?"

मला साबणानं तीनदा आंघोळ घालण्यात आली, तीही गार पाण्यानं. गोणी इथं कशी आली, असं मुलीनं विचारलं. मी योग्य ते उत्तर दिलं. मग मीही तिला पेचात पकडलं. म्हटलं, एवढं नितळ पाणी आहे, तर पी बघू. ती म्हणाली, "मी न्हाई पिणार काका, तुमीबी पिऊ नका. नितळ दिसतंय म्हणून चांगलं असं न्हवं. तपासून येऊ दे."

दाजी, आजवर तपासणीचे साहेब आले, शेटजी आले, सगळे म्हणाले, विहिरीचं पाणी बिनधास्त प्या. पिऊ नका म्हणणारी ही पहिलीच. त्यामुळे संशय जास्तच वाढला आहे. रोज टरफलं पोचवायला मी स्वतः जातो, ते केवळ नजर ठेवायला.

आक्काला नमस्कार.

आपला,
नाथाजी

ता. क. आमची टरफलं पुरेनात. तुमच्याकडची साठवून ठेवा, वीटभट्टीला देऊ नका. राजेश्वरी रविवारी न्यायला येईल.

ता. क. २. ती गोणी सरपण समजून तुम्ही उचललीत, असं मी तिला सांगितलं आहे. ती साबणाबद्दल बोलेल, तेवढं ऐकून घ्या. गोणी खांद्यावर टाकून तुम्ही कुंपणावरून उडी मारलीत, असंही बोलून गेलो. तेव्हा ती आल्यावर कृपा करून गुडघा धरून उठू नका.