भांडताना इस्त्री करणारी बाई

मी, ऑर्विल हॅस्केल, वय वर्षे ७४, राहणार बरबँक, कॅलिफोर्निया, व्यवसाय कादंबरीलेखन व (त्यावर पोट भरेना म्हणून) पटकथालेखन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणत्याही निर्मात्याच्या दबावाशिवाय लिहीत आहे. असे लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा चूकभूल माफ असावी. साक्षीदारांनी फक्त सही करायची आहे. मजकूर वाचण्याची त्यांना गरज नाही आणि माझी तशी विनंतीही नाही.

१. राहते घर म्हाताऱ्या लेखकांच्या आश्रमास द्यावे. न्हाणीघरातला नळ गळतो. तो कोणामुळे गळतो यावर ते भांडतील, तेवढाच विरंगुळा.

२. निर्माते मर्व क्रेंट्झ यांना माझे रंगीत कागद. आमच्याकडे पटकथेतला प्रत्येक फेरबदल नव्या रंगाच्या कागदावर टंकतात. माझी पहिली कादंबरी एका विधवा म्हातारीची होती. मर्व म्हणाला, "ऑर्वी, पुस्तक झकास रे! फक्त म्हातारी काढ आणि तिथे कुत्रा घाल. कुत्र्यावर लोक जीव टाकतात."

"आणि तिच्या नवऱ्याच्या आठवणी?"

"त्या कुत्र्याला दे की!"

निळ्या, गुलाबी, पिवळ्या कागदांवर मी त्या दिल्या. दोष एकट्या मर्वचा नाही, टंकत मीच होतो.

३. घटस्फोटित पत्नी लुएला ब्रँट, तीही पटकथालेखिका, हिला काही ठेवलेले नाही. ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला वाटा दिला की वकील कुरकुरतात. सोय बरी झाली. अकरा वर्षांच्या संसारात तिचे काहीही वाचले की मी म्हणे, "चव आहे, पण दात नाहीत." ती इस्त्री आपटत म्हणे, "तुझी माणसं बोलत नाहीत रे, भाषणं ठोकतात!" तिचे बरोबर होते.

४. एका चित्रपटावर अनेक लेखक राबले की पडद्यावर नाव कोणाचे, हे आमच्या संघटनेचे तीन पंच ठरवतात. खर्डे नावाशिवाय, लेखक 'अ', लेखक 'ब' असे येतात, पंचही गुप्त. १९७६ साली मर्वच्या एका चित्रपटासाठी मी पंच होतो. लेखक 'ब'च्या खर्ड्यात नायिका भांडताना इस्त्री करत होती. अशी बाई मी जगात एकच पाहिली आहे, माझे जळके शर्ट साक्षीला आहेत. ओळख पटल्यास पंचाने बाजूला व्हावे असा नियम. मी झालो नाही. खर्डा उत्तम होता. मला तसा कधी जमला नाही, म्हणून पोटात दुखले. बाकी दोघांचे एकमत होईना. माझ्या मताने 'ब'चे नाव कापले गेले, आणि त्या पटकथेच्या पुरस्काराचा सोन्याचा पुतळा घ्यायला भलताच मनुष्य गेला. लुएला आजही त्यासाठी मर्वला शिव्या घालते, आणि मी मान डोलावतो. मला लाज वाटते.

माझ्या मृत्यूनंतर वकिलांनी हे कलम संघटनेला दाखवून चित्रपटावर तिचे नाव लावून घ्यावे. आधी नको. तेवढी हिंमत माझ्यात नाही.

येथे माझे लिहिणे व घेणेदेणे संपले.

बरबँक, १४ मार्च १९९८
(सही) ऑर्विल हॅस्केल

साक्षीदार:

१. (सही) आनुश पेट्रोसियन, शेजारीण. वाचले नाही, चष्मा घरी राहिला.

२. (सही) लुएला ब्रँट. सगळं वाचलं. पंचांचं निनावी निकालपत्र मला तेव्हाच मिळालं होतं, ऑर्विल. दुसऱ्याच ओळीत "चव आहे, पण दात नाहीत." बावीस वर्षं मर्वला शिव्या देते ती तुझी मान डोलताना बघायला. मृत्युपत्र चांगलं आहे, फक्त शेवट बदल. मी समोरच बसलेय. पेन ठेव आणि तोंडाने सांग.