पिवळी सुकली कधी

प्रिय नितेश,

पिवळी पोचली. खोका उघडला तर आपली मांजर नाक शेपटीत खुपसून निजलेली. नेत्रा म्हणाली, "आई, हिला माळ्यावर ठेव, उंदीर तरी भितील." शेजारची मथुरा मात्र उंबऱ्याबाहेरच थांबली, "ह्यात जीव नाय ना गो?" म्हणत.

पुरायला मन होईना म्हणून गोठवून सुकवून घेतली, म्हणालास. बरं केलंस. पण मी जन्मभर मासळी वाळवली. बोंबील घाईत वाळवला की वरून कडक, आत ओला राहतो, हे हाताला कळतं. पिवळी अगदी आतपर्यंत सुकली आहे. उचलली तर रिकाम्या टोपलीसारखी हलकी. म्हणून खोक्यावरच्या सुकवणाऱ्यांच्या नंबरला फोन लावला, किती दिवस लागतात विचारलं. माणूस चांगला बोलला. यंत्रात गोठवतात, मग आतला बर्फ पाणी न होताच उडून जातो. "मांजराला तीन महिने तरी लागतात, मावशी."

तू तर म्हणालास, ती दिवाळीत गेली. खोका आला तुळशीच्या लग्नाला. मग दसऱ्याला बांगड्याचं शेपूट कोणी खाल्लं? फोनवर हसत हसत तूच सांगितलं होतंस. म्हणजे पिवळी नारळीपौर्णिमेच्या सुमारासच गेली.

मला वाईट वाटेल म्हणून लपवलंस, हे समजतं. लहानपणी होडीवरून पडलास तेव्हाही दुखरा हात लांब बाहीत झाकून फिरत होतास. त्याचा राग नाही.

पण तेव्हापासून एकेक आठवतंय. आषाढात ह्यांना उपचाराला मुंबईला नेलंस. नेत्राच्या बाळंतपणामुळे मी मागे राहिले. पिवळीला ह्यांच्या पायाशीच झोप लागायची, म्हणून तीही गेली. पुढे तुझ्या प्रत्येक फोनमध्ये दोनच बातम्या: पिवळी खाते, बाबा जेवले. त्यांना फोन दे म्हटलं की आत्ताच निजलेले. व्हिडिओ लाव म्हटलं की नेट गेलेलं. ह्यांचा आवाज मी शेवटचा ऐकला तो नारळीपौर्णिमेला. दर्याला नारळ दिलास का, विचारत होते.

पहिली बातमी खोटी निघाली. आज सकाळी कुंकू लावताना माझा हात अडखळला. दुसरी बातमी फोनवर विचारायची नाही मला, फोनवर तुझं उत्तर तयार असतं. म्हणून हे पत्र मथुरेच्या मुलाच्या हाती पाठवतेय, आणि त्याच्या मागोमाग उद्याच्या गाडीने मी निघतेय. ह्यांना बोलता येत नसेल, मला ओळखता येत नसेल, तरी चालेल. आहेत तसे दाखव. आणि नसतील, तर स्टेशनावरच सांग. घरी नेऊन, ते निजलेत म्हणू नकोस.

तुझीच, पण आधी ह्यांची,
आई