किल्ल्याची माती

२८ सप्टेंबर

पोहोचले एकदाची! तोयामापर्यंत शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पुढे बस आणि मग पाठीवर बोजा घेऊन अर्धा दिवस चढण. गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, पण मी जाम खूश आहे. लग्नानंतर टोकियोच्या निशी-कसाईत यतीनचे डबे भरत बसलेली ही बाई आजपासून पुन्हा प्राणिशास्त्रज्ञ झाली. यतीन निघताना म्हणाला, लोक जपानला रोबो बघायला येतात, माझी बायको किडे मोजायला डोंगरात चाललीय. मितालीनं मात्र, मम्मा दिवाळीला घरी येणार ना, एवढंच विचारलं, तेही जपानीत. आठ वर्षांच्या लेकीला मराठीत उत्तर द्यायला लावणं हे माझं दुसरं संशोधन, त्यात यश नाही. येणार म्हणून कबूल केलंय.

झोपडी लाकडी, दोन खोल्यांची, मध्ये रॉकेलचा स्टोव्ह. माझे वरिष्ठ कुबोता-सेन्सेई साठीचे आहेत, मोजकं बोलतात आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवून 'हाय, हाय', म्हणजे हो हो, करतात. मराठी कानाला उगीच वाटतं, यांना कुठं दुखतंय की काय.

समोरच्या घळीत हिमनदी आहे. नाव भारदस्त, पण प्रत्यक्षात एक मळकट, दरवर्षी आखडत जाणारा बर्फाचा पट्टा. त्याच्या खालून जी जमीन उघडी पडते ती आमची. यंदा उघडी पडलेली पांढऱ्या झेंड्यांची, जुनी लाल झेंड्यांची.

३० सप्टेंबर

यतीनला वाटतं, उघड्या जमिनीवर आधी गवत येतं. नाही रे बाबा! आधी येतात स्प्रिंगटेल, टिचकी मारल्यासारखे उडणारे, तिळापेक्षा लहान किडे. मग माइट, गोचिडीचे सुईच्या टोकाएवढे भाऊबंद, मग कोळी. वाऱ्यानं आणलेल्या कचऱ्यावर आणि बर्फातून सुटलेल्या जुन्या गाळावर ही मंडळी जगतात. हिरवा कोंब दिसेपर्यंत त्यांचा संसार थाटलेला असतो.

त्यांना पकडायची युक्ती सोपी आहे. नरसाळ्यात जाळी, जाळीवर माती, वर पेटता बल्ब, खाली अल्कोहोलची बाटली. माती तापते, किडे उबेपासून पळत खाली जातात आणि बिचारे बाटलीत पडतात. लाल झेंड्यांच्या मातीतून भरपूर पडले. पांढऱ्यांच्या मातीतून एकही नाही. सेन्सेई बराच वेळ रिकाम्या बाटलीकडे बघत राहिले.

३ ऑक्टोबर

पांढऱ्या झेंड्यांची माती काय सुरेख आहे! राखाडी, मऊसूत, थेट शाडूची. मितालीचा दिवाळीचा किल्ला डोळ्यांसमोर आला. गेल्या वर्षी होम सेंटरमधून विकत आणलेल्या मातीत सालींचे तुकडे होते, बुरूज उभाच राहिना आणि पोरगी रडून रडून झोपली. नरसाळ्यातून निघालेली माती टाकूनच द्यायची असते. बल्बखाली दिवसभर भाजलेली, एकही जीव नसलेली. याहून स्वच्छ माती टोकियोत मिळेल का? सेन्सेई रॉकेल आणायला खाली चालले होते, त्यांच्याबरोबर पिशवी बांधून कुरियरला दिली. वर पेरायला मोहरी घरात आहेच.

७ ऑक्टोबर

आज विचित्र दिसलं. लाल पट्ट्यातले स्प्रिंगटेल, कोळी, सगळे दगडांवरून खाली चाललेत, झोपडी ओलांडून. मला आधी हसू आलं. सेन्सेई म्हणाले, चाळीस वर्षं यांना बर्फाकडे जाताना बघितलंय, बर्फापासून पळताना नाही.

९ ऑक्टोबर

नरसाळ्यावरच्या बल्बला राखाडी थर बसला होता. धूळ समजून बोटानं पुसला. मग नरसाळ्यात पाहिलं. माती जाळीवर नव्हती. ती आतल्या भिंतीवरून वर चढून बल्बला चिकटली होती.

भिंगाखाली नुसते मातीचे कण दिसले. मी दिवा जवळ आणला आणि कण दिव्याकडे सरकले.

मूर्ख मी. नरसाळं पकडतं ते उबेपासून पळणाऱ्यांना. हे उबेकडे जातात. बाटली रिकामी होती, माती नव्हती. स्प्रिंगटेलच्याही आधी येणारं काहीतरी बर्फाखाली होतं, आणि ते मी पिशवीत बांधून माझ्या पोरीला पाठवलं. ती दोन्ही हातांनी मळणार. तिचे हात नेहमी गरम असतात.

१० ऑक्टोबर

फोनला रेंज फक्त मागच्या खडकावर येते, तीही क्षणभर. यतीनचा व्हिडिओ आला. बाल्कनीत किल्ला उभा आहे, बुरूज, दरवाजा, सगळं. मिताली कोपरापर्यंत राखाडी. हसत म्हणतेय, मम्मा, अत्ताकाई! उबदार आहे म्हणतेय.

फोन लावला. लागला. ओरडून सांगितलं, हात लावायचा नाही, किल्ला घरात आणायचा नाही, हीटरजवळ ठेवायचा नाही, आत्ताच्या आत्ता फेकून दे. दोनदा सांगितलं. मग आवाज तुटला. पण सांगितलं. देवा, निदान सांगितलं तरी.

बल्ब पुसला ते बोट बधिर आहे. नखाखाली राखाडी रेघ, ती धुतली तरी जात नाही.

११ ऑक्टोबर

यतीनचा निरोप आला. तसाच उतरवते.

'तुझा आवाज कट होत होता, पण कळलं. किल्ला घरात आणायचा, हीटरजवळ ठेवायचा. डन! बाल्कनीत पाऊस लागतच होता. शेवटी फेकून दे म्हणालीस का? अगं, इथे माती कुठल्याच कचऱ्यात घेत नाहीत, विसरलीस? असू दे, पोरगी खूश आहे. हीटरपाशी किल्ल्याला टेकूनच झोपते. मोहरी मात्र उगवली नाही.'

प्रत्येक वाक्यातला नाही गळून पडला. शेवटी होता म्हणून गळाला.

उत्तर टाईप करायला गेले. फोन माझं बोट ओळखत नाही. दुसरं बोट, अंगठा, काहीच नाही. सगळ्या टोकांना राखाडी थर, बोटांत ऊबच उरलेली नाही. सेन्सेईंना हाका मारत खाली धावले.

ते स्टोव्हला मिठी मारून बसले होते. कातडी जळल्याचा वास येत होता. म्हणाले, प्रणिता-सान, आज फार गार आहे, नाही का?

१२ ऑक्टोबर

बर्फ पडतंय. वाट बुजली.

सेन्सेई सकाळी गेले. गळ्यावर, काखेत, जिथे माणूस गरम असतो तिथे राखाडी मऊ थर. त्यांचा फोन चेहऱ्यानं उघडतो. चेहऱ्यासमोर धरला. फोननं त्यांना ओळखलं नाही. पुन्हा धरला. मी त्यांची क्षमा मागितली, मराठीत.

झोपडीतला आणीबाणीचा वायरलेस लावून बघितला, लागेना. तो चालू असताना तापतो. झाकण उघडलं, आत माती ठासून भरलेली.

१३ ऑक्टोबर

उतरायला निघाले होते. घळीच्या तोंडाशी पाय बधिर झाले. रांगत परत आले. मला माझ्या पोरीकडे जायचंय, दुसरं काही नको —

सेन्सेईंच्या हातावर स्प्रिंगटेल आलेत. परत आलेत ते. पाठोपाठ माइट. म्हणजे जमीन तयार झाली — आम्हीच ती नवी जमीन —

स्टोव्ह विझवला. ती माती उपाशी मरेल अशी आशा. पण मी आहे ना अजून गरम. छाती तेवढी —

१४

यतीनचं काय. तो तिला रोज पोटाशी घेऊन — ऑफिसला, मेट्रोत, गर्दीत —

पेन धरता येतं अजून. वही मिळेल कुणाला तरी. तिला वाचून दाखवा. मराठी वाचता येत नाही तिला —

थर गळ्यापाशी

उलटं लिहून बघितलं. नाही आधी. नाही नाही नाही. पण वाक्य पुरं व्हायला हवं, नाहीतर पुन्हा तसंच — शेवटापर्यंत पोचायला हवं. नाही शेवटी येतो.

मितू, बाळा, मम्माचं ऐक. गार वाटलं तरी चालेल. एकटीनं झोप. बाबाच्या कुशीत शिरायचं