मासे कुणी सोडले

२ मार्च, रविवार. सकाळी ६.४०

कॉम्प्युटरवर मत्स्यालय बसवलं. फुकट. स्क्रीनभर निळं पाणी, सात मासे, खालून बुडबुडे. त्यातला पिवळा मासा मधूनमधून पुढे येतो आणि थेट माझ्याकडे बघतो. चहा घेत वीस मिनिटं बसून राहिलो. बावीस वर्षं नळाच्या कारखान्यात तपासणीला आहे. रोज पाणीच बघतो, पण ते कुठून गळतंय हे शोधायला. हे पाणी नुसतंच असतं. बरं वाटतं.

बसवताना आठ वेळा ‘मान्य आहे का’ असं विचारलं. आठही वेळा ताबडतोब दाबलं. अटी वाचत बसणारी माणसं कुठेच वेळेवर पोचत नाहीत.

संध्याकाळच्या बसने मेहुणा येतोय. हिचा धाकटा भाऊ. कंपनी बंद पडली, नोकरी गेली, म्हणून थोडे दिवस आपल्याकडे. थोडे म्हणजे किती, असं विचारलं तर ही स्वयंपाकघरात निघून गेली.

संकल्प: शांत राहायचं. रोजनिशी रोज लिहायची, वेळेसकट. या घरात कुणीतरी खरं लिहून ठेवायला हवं.

३ मार्च

मेहुण्याला नोकरीचे अर्ज करायला कॉम्प्युटर हवाय. दिला. पण मी तपासणीतला माणूस. त्याला वेगळं अकाउंट काढून दिलं. त्यातून फक्त वाचता-लिहिता येतं. काही इन्स्टॉल करायला गेलं की मशीन मुख्य पासवर्ड मागतं. तो चौदा अक्षरी आहे आणि फक्त मला माहीत आहे. हिलासुद्धा नाही. (मलाही पाठ नाही. या वहीच्या शेवटच्या पानावर आहे.)

टाइप करताना मेहुणा नाक ओढतो. मिनिटाला चार वेळा. मोजलं.

५ मार्च. सकाळी ६.५०

शी. शी. शी.

चहाचा घोट तोंडात, आणि मत्स्यालयाच्या मधोमध एक अंगठा उगवला. पायाचा. नख पिवळं, जाड, कडेने भुगा सुटलेला. ‘बुरशीला कंटाळलात?’ फुली मारली तर दुसरा अंगठा आला, पहिल्याहून वाईट. तोही घालवला तर कुणाच्या तरी कानातून चिमट्याने मळ काढतायत. घोट गिळवेना आणि थुंकायला जागा नाही. पिवळा मासा बिचारा अंगठ्याच्या मागून फिरत होता.

मेहुणा येऊन तीन दिवस झालेत. फक्त तीन. मी कुणावर आळ घेत नाही. हिला इतकंच म्हणालो की बावीस वर्षांत मला योगायोगाने गळणारा नळ बघायला मिळालेला नाही. ही म्हणाली, दूध उतू जातंय.

६ मार्च

ड्रायक्लीनर आणि किल्लीवाला यांच्या मधल्या बोळकांडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे फोन केला. बाईंनी उचलला. लक्षणं सांगितली. त्यांनी अंगठ्याबद्दल जराही आश्चर्य दाखवलं नाही. म्हणाल्या, इंटरनेटची वायर काढा, नवीन काही टाकू नका, स्वतः काही करू नका, मशीन घेऊन या.

स्वतः काही करू नका! गिऱ्हाईक स्वतः करायला लागलं तर दुकान कसं चालेल, हे मी समजू शकतो.

संध्याकाळी ७.३०: मशीन साफ करणारा क्लीनर मिळवला. फुकट. अंगठ्याच्या खालीच जाहिरात होती, त्यामुळे शोधावंही लागलं नाही. मान्य, पुढे, मान्य, पुढे. त्याने १,४१२ दोष काढले. मेहुणा इतका पोचलेला असेल असं वाटलं नव्हतं.

७ मार्च. सकाळी ७.१५

दुसरा क्लीनर बसवला. याने २,३०६ दोष काढले. त्यातला एक दोष म्हणजे पहिला क्लीनर. पहिल्याने लगेच दुसऱ्याला पकडलं. दोघं एकमेकांना धरून बसले तेव्हा ७.३५ला तिसरा बसवला, दोघांवर लक्ष ठेवायला. कारखान्यात याला सुपरवायझर म्हणतात.

आता मशीन सुरू व्हायला एकवीस मिनिटं लागतात. मेहुणा समोर खुर्ची ओढून मांडीवर हात ठेवून वाट बघत बसतो. एवढं करून माणूस इतका शांत कसा बसू शकतो, कोण जाणे.

संध्याकाळी म्हणाला, भाऊजी, मी एकदा बघू का. म्हणालो, तू पुरेसं बघितलंयस.

८ मार्च, शनिवार

माझ्या नावाने एकशे त्रेचाळीस लोकांना अंगठा गेला. फोटोसकट. वर वाक्य: ‘हे वापरायला लागल्यापासून माझं आयुष्य बदललं.’ मॅनेजर, दातांचे डॉक्टर, हिचे मामा, सगळ्यांना.

मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्याकडे न बघता माझ्या बुटांकडे बघितलं आणि तब्येतीची काळजी घ्या म्हणाले. कँटीनमध्ये मी बसलो तसे टेबलावरचे दोघं उठले. बूट आणि मोजे काढून दाखवावेत असं क्षणभर वाटलं, पण समोर माणसं जेवत होती.

घरी आल्यावर मेहुण्याशी बोललो. सभ्य भाषेत. दुसऱ्याच्या घरात राहताना काय बघावं आणि काय बघू नये याला मर्यादा असते, एवढंच. शिवाय रिकामं बसलं की डोक्यात घाणच शिरते, हेही. तो जेवत होता. थांबला. उठून हात धुतले, बॅग भरली आणि मित्राकडे राहतो म्हणून हिला सांगितलं. दारातून मला म्हणाला, ‘येतो, भाऊजी.’

हिने त्याचं अर्धं ताट झाकून ठेवलं. माझ्याशी बोलत नाही. झाकलेल्या ताटाशी मात्र काहीतरी पुटपुटली.

१० मार्च

मशीन दुकानात नेलं. बाईंच्या अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला. तो उपसून त्यांनी झाकण उघडलं. आत धूळ, केसांचा पुंजका आणि वाळलेलं झुरळ. मला शिसारी आली. बाईंनी झुरळ बोटाने उडवलं आणि याचा त्याच्याशी संबंध नाही म्हणाल्या. त्याच बोटाने मग माझ्या स्क्रीनला हात लावला.

इतक्यात काही नवीन टाकलंत का, असं विचारलं. काही नाही म्हणून सांगितलं. क्लीनर धरायचे नसतात, ते औषध.

मी लेखी रिपोर्ट मागितला. काय शिरलं, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या अकाउंटवरून. मशीन सगळी नोंद ठेवतं, असं बाई म्हणाल्या. उत्तम, म्हणालो, मीही ठेवतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि नक्की हवाय का, असं दोनदा विचारलं. कामचुकारपणा.

१३ मार्च

मशीन परत आलं. चकाचक. दोन मिनिटांत सुरू. रिपोर्ट बंद पाकिटात. फोडला नाही. रविवारी मेहुण्याला बोलावलंय. त्याच्यासमोर हिनेच मोठ्यांदा वाचायचा, म्हणजे नवरा बोलतो म्हणून नव्हे तर कागद बोलतो म्हणून पटेल. मेहुण्याने चूक कबूल केली तर मी मोठ्या मनाने छोटी खोली पुन्हा देणार. तसं वाक्यही तयार केलंय.

ही पाच दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, आधी तुम्ही एकदा वाचून बघा. म्हणालो, निकाल असा आधी फोडायचा नसतो.

निघताना बाईंनी बजावलं होतं की ते मासे काढलेत, पुन्हा बसवू नका. काही लोकांना आनंदाचं वावडंच असतं.

१४ मार्च. सकाळी ६.४०

मासे बसवले. पिवळ्याने मला ओळखलं.

१५ मार्च

अंगठा. आता दोन्ही पायांचे, शेजारी शेजारी. चहा मोरीत ओतला.

मेहुणा आठवडाभर घरात नाही. म्हणजे जातानाच काहीतरी पेरून गेला, वेळ लावून. केवढं डोकं! अशा माणसाला नोकरी का मिळत नाही, कळत नाही. उद्या सगळं बाहेर येईल.

१६ मार्च, रविवार. दुपारी

बाहेर आलं.

मेहुणा आला, खुर्चीच्या कडेवर बसला. चेहरा उतरलेला. मी पाकीट हिच्या हातात दिलं आणि एकही शब्द न गाळता वाच म्हणालो.

हिने वाचलं: ‘२ मार्च, सकाळी ६.४१. मत्स्यालय. सोबत इतर अकरा प्रोग्राम. मुख्य अकाउंट.’ इथे ही थांबली आणि म्हणाली, हा त्या दिवशी संध्याकाळच्या बसने आला. मी म्हणालो, दुकानाचं घड्याळ चुकलं असेल, पुढे वाच. ‘६ मार्च, संध्याकाळी ७.३२. क्लीनर. मुख्य अकाउंट. ७ मार्च, सकाळी ७.१६. क्लीनर. ७.३६. क्लीनर. मुख्य अकाउंट.’ प्रत्येक क्लीनरच्या पोटात आणखी पाच-सहा.

मी आत जाऊन ही वही आणली, घड्याळ चुकलंय हे सिद्ध करायला. टेबलावर उघडून ताडून बघितलं. कुठे एक मिनिटाचा फरक, कुठे दोन.

ही पुढे वाचत होती. ‘दुसऱ्या अकाउंटवरून काहीही इन्स्टॉल झालेलं नाही. नोकरीचे अर्ज पाठवले आहेत. एकूण सत्तावीस.’ सत्तावीस हिने दोनदा वाचलं. तिने कागद घडी करून माझ्या वहीवर ठेवला.

मेहुण्याने नाकसुद्धा ओढलं नाही. शेवटी मी विचारलं, तुला माहीत होतं का? तो म्हणाला, दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं होतं. मग बोलला का नाहीस?

‘सकाळी तुम्ही चहा घेत माशांकडे बघत बसायचात, भाऊजी. चेहरा कसा मोकळा असायचा. काढा म्हणून कसं सांगू?’

तयार केलेलं वाक्य माझ्याजवळ होतं, पण ते दुसऱ्या निकालासाठी होतं. या निकालासाठी काही तयार केलं नव्हतं. मी फक्त म्हणालो, जेवून जा. तो म्हणाला, मित्राने थांबायला सांगितलंय. ही त्याला बस-स्टॉपपर्यंत सोडायला गेली आणि तासाभराने एकटीच परत आली.

आठवडाभर अंगठ्याची किळस करत होतो. आज कशाची आली ते लिहायला हात धजत नाही. लिहितो. माझीच.

१८ मार्च. सकाळी ६.४०

हिने काल स्वतः मशीन दुकानात नेऊन साफ करून आणलं. मुख्य अकाउंट आता हिचं. पासवर्ड बदललाय, किती अक्षरी तेही मला माहीत नाही. वहीचं शेवटचं पान फाडलेलं आहे. मला वेगळं अकाउंट दिलंय. त्यातून फक्त वाचता-लिहिता येतं.

मासे बसवून बघितले. मशीनने पासवर्ड मागितला. हिला हाक मारली. तिने आतूनच विचारलं, कशासाठी. म्हणालो, काही नाही.

मग मेहुण्याला फोन केला. चुकलं माझं, असं म्हणालो. पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नाही त्याला, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. छोटी खोली झाडून ठेवलीय हेही सांगितलं. त्या दिवशी जाताना ‘येतो’ म्हणाला होता. आज म्हणाला, ‘बघतो, भाऊजी.’

स्क्रीन कोरी आहे. समोर बसून चहा घेतला. गार झाला होता.